चौथा भिडू : एका निवृत्त कंडक्टरच्या जमेच्या बाजूची नोंद

फाईल साडेतीन पानांची होती. त्यात 'नाही' हा शब्द किती वेळा येतो ते मी एकदा रिकाम्या वेळी मोजलं, तर अकरा वेळा. उजव्या हाताला पकड नाही. आधाराशिवाय जिना चढता येत नाही. पूर्ण वाक्य बोलता येत नाही. स्मरणशक्तीची चाचणी घेता आली नाही. सहकार्य करत नाही. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी : 'आवड : विशेष नाही.' ही शेवटची ओळ माझ्याच अक्षरात होती.

पुढचं सगळं या एका ओळीबद्दल आहे. ती चुकीची होती. ती कशी चुकली, कशी दुरुस्त झाली आणि दुरुस्तीसुद्धा पुन्हा कशी दुरुस्त करावी लागली, ते सांगते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी, कोल्हापुरात काम करते. ज्यांची हकिकत आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि काही प्रसंग बदलले आहेत. एक-दोन गोष्टी दुसऱ्या माणसांच्या बाबतीत घडलेल्या आहेत, त्या इथे एकत्र आणल्या आहेत.

गृहस्थ ६६ वर्षांचे. एस.टी.त कंडक्टर होते, ५८व्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीची बरीचशी वर्षं कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर गेली. आमच्याकडे यायच्या चार महिने आधी मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा अडला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. वाचा गेली हे घरच्यांचे शब्द. वैद्यकीय भाषेत वाचाघात : समोरच्याचं बरंचसं समजतं, पण स्वतःचा शब्द जिभेपर्यंत येत नाही. त्यांच्याकडे 'हां' उरला होता, 'ते... ते...' उरलं होतं आणि एक शिवी उरली होती. शिवी मात्र खणखणीत, एकाही अक्षराची गडबड नाही. वाचाघातात हे नेहमी दिसतं. आकडे मोजणं, वारांची नावं, आरत्या, शिव्या असं जे आपोआप ओठांवर येतं ते टिकून राहतं, आणि विचार करून बोलायचा शब्द अडतो.

फिजिओथेरपी चालू होती, स्पीच थेरपीही. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मन रमेल असं काही पाहावे.' आपल्याकडे या कामाला वेगळा माणूस नसतो. अमेरिकेत थेराप्युटिक रिक्रिएशन, म्हणजे विरंगुळ्यातून उपचार, हा स्वतंत्र पेशा आहे, त्याचं प्रमाणपत्र देणारी परिषद १९८१ पासून काम करते. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली सुरू झालं, आणि विरंगुळ्याचं काम तेव्हापासून आमच्याच ताटात वाढलेलं आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने परिशिष्टात रिक्रिएशनल थेरपिस्ट हे नाव घेतलं खरं, पण कोल्हापुरात अशी पाटी लावलेला दवाखाना माझ्या पाहण्यात नाही.

तर पहिल्या दिवशी मी कपाटातून आवडींची यादी काढली. ही छापील यादी मूळची परदेशी, कुणीतरी कधीतरी मराठीत उतरवलेली : बागकाम, वाचन, चित्रकला, पोहणे, पर्यटन, पक्षिनिरीक्षण, पाळीव प्राणी. बोलता न येणाऱ्यांसाठी शेजारी चित्रं. त्यांनी चित्रांवरून एकदा नजर फिरवली आणि डाव्या हाताने कागद माझ्याकडे सरकवला. रागाने नाही, सुट्टे परत करावेत तसा. मी त्यांच्या पत्नीकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "ह्यास्नी कसला आलाय छंद? ड्युटी आनि घर. घरात असलं की झोप. रिटायर झाल्यावर टीव्ही." मी लिहिलं : विशेष नाही. वेळ लागला बारा मिनिटं.

छंद हा शब्दच शाळेच्या निबंधातला आहे. 'माझा आवडता छंद' लिहिताना आपण सगळ्यांनी पोस्टाची तिकिटं जमवली आहेत, खऱ्या आयुष्यात फार थोड्यांनी. छंद म्हटलं की त्याला साहित्य लागतं, वेळ लागतो, आणि 'हा माझा छंद' असं म्हणण्याची ऐट लागते. पहाटे पाचच्या गाडीवर ड्युटी असणाऱ्या माणसाला विरंगुळा असतो, पण तो त्याला मोजत नाही आणि घरचेही मोजत नाहीत. मग यादीतल्या प्रत्येक चौकोनापुढे 'नाही' येतं, आणि आम्ही ते माणसाविषयीचं सत्य समजून फाईलमध्ये लावतो.

खूण मिळाली ती फाटकाशी. दुसऱ्या एका पेशंटला सोडायला आलेला रिक्षावाला मलकापूरकडचा निघाला. त्याने लांबूनच हाक मारली, "मास्तर, वळिकलं का?" आमच्या भागात कंडक्टरला मास्तर म्हणतात. मी तोवर त्यांना काका म्हणत होते. मास्तर थांबले, काठीवरचा भार सावरला, मान वर केली. चार महिन्यांनी मान वर झाली असं काकू नंतर म्हणाल्या, ते मी जरा वजा करून घेते. पण पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी डावा हात डोक्याच्या वर नेला आणि नसलेली दोरी दोनदा ओढली. डबल बेल. रिक्षावाला हसला आणि म्हणाला, "जाऊ द्या!"

त्या दिवशी मी आकलन, म्हणजे माणसाला काय जमतं आणि काय आवडतं याची तपासणी, पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरवलं.

माणसाच्या बळापासून सुरुवात करायची ही दृष्टी समाजकार्यातून आली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात चार्ल्स रॅप, डेनिस सालीबी आणि त्यांचे सहकारी गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांबरोबर काम करत होते. लक्षणांची यादी वाढत जाते आणि माणूस मात्र आहे तिथेच राहतो, हे पाहून त्यांनी प्रश्नच उलटा केला : याला काय हवंय, काय जमतं, आणि याच्या आसपास कोण आहे? आमच्या क्षेत्रात लिन अँडरसन आणि लिंडा हाइन यांनी ती मांडणी विरंगुळ्याला लावली. त्यांच्याकडे बळाचे दोन भाग आहेत. माणसाच्या आतलं, म्हणजे कौशल्य, आवड, स्वभाव, आकांक्षा, आणि बाहेरचं, म्हणजे घर, माणसं, गल्ली, लोकांच्या अपेक्षा. जागतिक आरोग्य संघटनेचं २००१ चं कार्यक्षमतेचं वर्गीकरणही परिसराला आधार किंवा अडथळा म्हणून नोंदवायला सांगतं, आणि त्यात मनोरंजन व विरंगुळ्याला स्वतःचा क्रमांक आहे, डी ९२०. आमच्या केंद्राच्या फॉर्मवर डी ९२० साठी अर्धी ओळ आहे. आंघोळीला आठ आहेत.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की हे सगळं गोड गोड बोलणं आहे. आक्षेप बऱ्याचदा खराच ठरतो. 'पेशंट हसतमुख आहे, कुटुंबाचा आधार चांगला' अशा ओळी मी शेकड्याने वाचल्या आहेत, थोड्याफार लिहिल्याही आहेत. त्यांचा उपयोग शून्य. पकड किती किलोची हे आम्ही यंत्रावर मोजतो, मग जमेची बाजू अंदाजपंचे का लिहायची? कुठे, कुणाबरोबर, कशाच्या साहाय्याने, किती वेळ आणि कितीदा, हे लिहिता येत नसेल तर ती नोंद झालीच नाही.

मी दोन आठवड्यांत पाच बैठका केल्या. केंद्राच्या हिशेबात हे फार होतं, एका माणसाच्या आकलनाला आम्हाला पाऊण तास मिळतो. त्यातल्या दोन मी जेवणाच्या सुट्टीत बसवल्या.

पहिली काकूंबरोबर. आवडी विचारल्याच नाहीत, दिवस विचारला. ड्युटीवरून आले की चप्पल कुठे काढायचे? चहा कुठे प्यायचे? सुट्टीच्या दिवशी पाय कुठे वळायचे? बरंच निघालं. भाजी आणायला स्वतः जायचे आणि तासभर परत यायचे नाहीत. गावाकडच्या कुणाचं औषध, कुणाच्या पोराचा डबा, कुणाची लग्नपत्रिका गाडीतून पोचवायचे, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत यावरून घरात भांडण व्हायचं. मग मी विचारलं, "मुक्कामाच्या गाडीवर असले की रात्री काय करायचे?" काकू थबकल्या. "त्ये मला काय म्हाईत?"

तीस वर्षं आठवड्यातून दोन-तीन रात्री नवरा घराबाहेर, आणि त्या रात्री घराला ठाऊक नाहीत. यात कुणाची चूक नाही. पण आमच्या फॉर्मवर 'माहिती देणारा : पत्नी / मुलगा' असं छापलेलंच आहे. घराबाहेर जगलेल्या माणसाचा विरंगुळा घराला विचारायचा आणि मग 'विशेष नाही' लिहायचं, अशी ती सोय आहे. मी विचारलं, गाडीवर कोण असायचं? काकूंनी एका ड्रायव्हरचं नाव सांगितलं. तो दोन गल्ल्या सोडून राहत होता. आजारानंतर एकदा येऊन गेला आणि मास्तर रडायला लागले, म्हणून परत आला नव्हता.

त्याला बोलवायच्या आधी आमच्या हातून एक घोळ झाला. दुसऱ्या बैठकीत मी मास्तरांना मार्गावरचे थांबे विचारले होते. नुसता थांबा विचारला तर काही येईना. 'मलकापूरनंतर काय?' यावर नुसतं 'ते... ते...'. मग मीच 'कोल्हापूर' म्हणून थांबले, आणि ते सुरू झाले : केर्ली, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा... अडखळत, पण क्रम पक्का. साखरपा, दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा. रत्नागिरीला पोचल्यावर स्वतःच दचकले. स्पीच थेरपिस्टला सांगितलं तेव्हा तिने बरोबर लगाम घातला : ही रांगेने येणारी वाचा आहे, शब्द शोधून बोलणं वेगळं. मलकापूर हवं असेल तर त्यांना कोल्हापुरातूनच निघावं लागेल. नोंद आम्ही तशीच केली.

पण आमची इंटर्न मुलगी भारावून गेली. तिने पुठ्ठ्याची तिकिटं कापली, कागदाला भोकं पाडायचा पंच आणला, खेळण्यातली नाणी आणली आणि टेबलावर ट्रे मांडला. तिकीट फाडायचं, सुट्टे द्यायचे. कल्पना मला आवडली होती, हे कबूल करते. मास्तरांनी ट्रेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने सगळं जमिनीवर लोटलं. त्यानंतर ती खणखणीत शिवी. मुलगी रडकुंडीला आली. तिकीट फाडणं हे त्यांचं काम होतं, पगाराचं, जबाबदारीचं, वेबिलाचा, म्हणजे तिकिटांचा हिशेब चुकला तर खिशातून भरायचं. खोट्या नाण्यांनी ते खेळायला लावणं म्हणजे जे गेलं ते हातात देऊन दाखवण्यासारखं होतं. माणसाला जे येतं ते सगळंच त्याला करावंसं वाटतं असं नाही. हा फरक मी विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवते, टेबलावर विसरले.

तिसऱ्या बैठकीला ड्रायव्हर आला. धिप्पाड माणूस, खुर्चीच्या कडेवर बसला. मी तोच प्रश्न विचारला, मुक्कामाला रात्री काय करायचात? तो हसला आणि मास्तरांकडे बघत म्हणाला, "सांगू का?" मास्तर म्हणाले, "हां."

मेंढीकोट. रत्नागिरी डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत, जेवणं झाली की साडेअकरापर्यंत. पहाटे गाडी काढायची म्हणून साडेअकराला डाव मोडायचा, हा मास्तरांचाच नियम. पैसे लावायचे नाहीत, हाही. "मास्तरच्या म्होरं पान लपत न्हवतं बघा. कुनाकडं कुठली दश्शी ऱ्हायली, बोटावर सांगायचं. आनि भिडू चुकला तरी कवा शब्दानं दुखवलं न्हाई." भिडू कोण असायचा, हे मी विचारलं. "मीच की."

हा खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात : पत्त्यांचा डाव, चौघं, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. उतारीचाच, म्हणजे हातातल्या पहिल्या पानाचाच रंग टाकावा लागतो. पहिल्यांदा ज्याच्याकडे तो नसेल त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. दश्शी म्हणजे दहाचं पान; चारपैकी जास्त दश्श्या ज्या जोडीच्या हातात, ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर सात हात करणारी जोडी जिंकते. चारही दश्श्या घेतल्या की कोट. आणि डाव चालू असताना भिडूशी बोलायची परवानगी नसते.

ही शेवटची ओळ ऐकताना माझी लेखणी थांबली. चौघांपैकी कुणीच बोलायचं नाही असा हा खेळ. त्या टेबलावर वाचाघात झालेला माणूस इतर तिघांइतकाच मुका.

चौथी बैठक म्हणजे प्रत्यक्ष डाव. एका हाताने तेरा पानं धरता येत नाहीत, त्यावर आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे : कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवायचा आणि केसांत पानं खोचायची. मास्तरांनी ब्रशकडे पाहून तोंड वाकडं केलं, पण पानं खोचली. समोर ड्रायव्हर, उरलेल्या दोन जागांवर मी आणि आमचा सुरक्षारक्षक. मी वाईट खेळते, त्यामुळे निरीक्षणाला सवड मिळाली.

चार डाव झाले. उतारीचा रंग मास्तरांनी बहुतेक वेळा बरोबर पाळला, म्हणजे नियम मनात धरून ठेवणं आणि त्यानुसार हात आवरणं जमत होतं. मधूनच मी विचारत होते, किती दश्श्या गेल्या? ते डाव्या हाताची बोटं दाखवत. सहापैकी पाच वेळा बरोबर. स्मरणशक्तीच्या ज्या चाचणीपुढे 'घेता आली नाही' लिहिलं होतं, तिच्यातले बरेच प्रश्न तोंडी उत्तराचे आहेत. इथे तोंडाची गरज नव्हती. याचा अर्थ स्मरणशक्ती शाबूत आहे असा मी काढला नाही. पत्त्यांचा डाव ही प्रमाणित चाचणी नाही, आणि तीस वर्षांची सवय बरंच काही भरून काढते. इतकंच लिहिलं की ओळखीच्या खेळात, शांत खोलीत, चाळीस मिनिटं, चालू माहिती धरून ठेवून तिच्यावर निर्णय घेता येतो.

जे दोनदा चुकलं ते मात्र विचित्र होतं. हातात बदाम असताना त्यांनी किलवर टाकला. पुन्हा एकदा तसंच, चौकटच्या बाबतीत. दोन्ही वेळा ते पान ब्रशच्या उजव्या टोकाला होतं. मी ब्रश चार बोटं डावीकडे सरकवला, आणि चूक थांबली. मग पेन घेऊन त्यांच्या उजव्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. बरंच पुढे येईपर्यंत त्यांना दिसलं नाही. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं, उजव्या बाजूच्या दृष्टीचा काही भाग गेलेला निघाला. साडेतीन पानांत, अकरा 'नाही'मध्ये, हे एक 'नाही' लिहायचं राहून गेलं होतं. घरी ते उजवीकडच्या दाराला का धडकतात आणि ताटातली उजवीकडची भाजी का सोडतात, याचा उलगडा काकूंना तेव्हा झाला. तोवर त्या 'हट्टीपणा' म्हणत होत्या.

आणखी एक नोंद. तिसऱ्या डावात ड्रायव्हरने चुकीचं पान टाकलं आणि मास्तरांनी त्याला शिवी दिली. ड्रायव्हर चरकला. तो आधीच म्हणाला होता, कधी शब्दाने दुखवलं नाही. आजारानंतर स्वतःला आवरण्याची ताकद कमी झाली असेल, किंवा फक्त तेवढाच शब्द शिल्लक असल्याने तो सगळ्या कामांना वापरला जात असेल. कुठल्या रकान्यात लिहायचं ते ठरेना, म्हणून मी दोन्हीकडे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं.

पाचवी बैठक घरी. दोन खोल्या, उंबरा उंच, समोर अरुंद गल्ली. दारापासून काठीने चालत तीन मिनिटांवर तालीम. कोल्हापूरकरांना तालीम म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी : नाव आखाड्याचं, पण गल्लीचा गणपती, फुटबॉल, वर्गणी आणि भांडणं सगळं तिथेच चालतं. संध्याकाळी कट्ट्यावर आठ-दहा जण असतात, आत कॅरम आणि पत्ते. तीन पायऱ्या, कठडा नाही. मास्तर निवृत्त झाल्यावर तिथे गणपतीच्या दिवसांतच जायचे, कारण काकूंना आवडत नव्हतं.

इथे अडलं. मुलगा एमआयडीसीत शिफ्टला, तो मुद्दाम रजा काढून भेटायला आला. "मॅडम, बाबांना पत्त्याच्या अड्ड्यावर बसवायचं हा उपचार आहे?" त्याच्या बाजूने पाहिलं तर रास्त प्रश्न. पत्त्यांवर संसार उडालेले लोक त्याच गल्लीत आहेत. मी भाषण दिलं नाही. मास्तरांचे दोन जुने नियम त्याला सांगितले, पैसे नाहीत आणि वेळ झाली की डाव मोड, आणि ते नियम ड्रायव्हरच्या तोंडून ऐकवले. वडिलांनी हे नियम केले होते हे मुलाला नवीन होतं. तो म्हणाला, चार ते साडेपाच, दिवसाउजेडी. काकू काही बोलल्या नाहीत. ते मी होकार धरलं नाही, आणि पुढे एकदा त्यांना एकटीला गाठून विचारलं. त्यांना पत्त्यांची तितकी भीती नव्हती. तालमीच्या पायऱ्यांवर पडतील याची होती. हे आधी विचारलं असतं तर आठवडा वाचला असता.

मग फाईल नव्याने लिहिली. 'आवड : विशेष नाही' खोडून तिथे : 'मेंढीकोट, जोडीने, पैशांशिवाय. ओळखीच्या तिघांबरोबर, पानं डाव्या बाजूला सरकवलेल्या ब्रशवर लावून दिल्यास चाळीस मिनिटं सलग, न थकता.' 'सहकार्य करत नाही'च्या जागी : 'नापसंती स्पष्ट व्यक्त करतो. कामाची नक्कल असलेल्या कृती नाकारतो.' 'वाक्य बोलता येत नाही' ठेवलं, कारण ते खरं होतं. पुढे जोडलं : 'मास्तर म्हटल्यास प्रतिसाद लवकर मिळतो.' बाहेरच्या बळात तालीम, ड्रायव्हर, मुलाची अटींसह संमती. अडथळ्यांत तीन पायऱ्या, उजवीकडची दृष्टी, उजव्या खांद्याचं दुखणं. आणि मनःस्थिती. ते वारंवार रडत होते, झोप नव्हती. पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, आणि जमेची बाजू शोधण्याच्या नादात ते नजरेआड झालं तर ती हयगय ठरते. मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं. त्यामुळे पुढे जो फरक पडला त्यातला किती गोळीचा आणि किती पत्त्यांचा, हे मी वेगळं काढून दाखवू शकत नाही.

उद्दिष्टं तीन ठरवली, मास्तरांच्या होकार-नकारावर. मोजायला किरेसुक आणि शर्मन यांची १९६८ ची पद्धत घेतली : अपेक्षेइतकं झालं तर शून्य, जास्त झालं तर अधिक एक-दोन, कमी झालं तर उणे.

बारा आठवड्यांनी हिशेब असा. तालमीत आठवड्यातून दोनदा जाणं अपेक्षित होतं, ते तीनदा जात होते : अधिक एक. पायऱ्यांना मंडळाच्या पोरांनी पाइपचा कठडा बसवला, आम्ही फक्त उंची सांगितली. खेळताना रंगाचं नाव स्वतःहून घेणं : शून्य, म्हणजे अपेक्षेइतकं. 'बदाम' आला, 'किलवर' आला, 'इस्पिक' काही येईना. नातवाला मेंढीकोट शिकवणं : उणे एक. नातू दोन दिवस बसला आणि मोबाईलकडे गेला. ते उद्दिष्ट खरं तर मुलाला हवं होतं, मास्तरांनी 'हां' म्हटलं ते मन राखायला. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. हाताची पकड फारशी सुधारली नाही.

प्रकरण इथे बंद झालं असतं. दिवाळीनंतर ड्रायव्हर मुलाकडे पुण्याला राहायला गेला.

तालमीत तिघं उरले. त्यांनी शहाणपणाने पाच-तीन-दोन काढलं. तिघांचा खेळ, तीस पानं, प्रत्येकाला दहा, ब्रशवर तर आणखी सोपं. माझ्या नोंदीप्रमाणे सगळं जुळत होतं : पत्ते, ओळखीची माणसं, तीच जागा, तीच वेळ. मास्तरांनी दोन डाव खेळले आणि पानं पालथी ठेवली. पुढच्या आठवड्यात गेलेच नाहीत. काकूंचा फोन आला. मी गेले, ड्रायव्हरची आठवण येते का विचारलं, 'हां'. पण ते एवढंच नव्हतं. पाच-तीन-दोनची पानं समोर मांडली, त्यांनी मान हलवली. मेंढीकोटची चार माणसांची मांडणी कागदावर काढली, त्यांनी समोरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. पाच-तीन-दोनमध्ये ज्याचा त्याचा हात. तिथे समोर भिडू नसतो.

मी फाईल उघडली. 'मेंढीकोट, जोडीने' असं मीच लिहिलं होतं, आणि 'जोडीने' हा शब्द खेळाचं वर्णन म्हणून. तो बाहेर काढून पहिल्या ओळीत आणला : 'कुणाचा तरी भिडू असणं. सध्याचं माध्यम मेंढीकोट.' तीस वर्षं गाडीच्या मागच्या अंगाला उभं राहून एका माणसाने दोरी ओढली आणि पुढच्याने गिअर टाकला, दोघांमध्ये चाळीस-पन्नास माणसं आणि एक शब्द नाही. हे माझ्यासमोर फाटकापाशीच घडलं होतं, मी फक्त हात वर गेलेला पाहिला होता.

नियोजनाच्या रकान्यात आता एकच ओळ आहे : चौथा भिडू शोधणे. तालमीतला एकोणीस वर्षांचा एक पोरगा तयार झालाय, सकाळी कॉलेज, संध्याकाळी मोकळा. खेळतो बरा, पण डाव चालू असताना तोंड बंद ठेवत नाही. पहिल्याच दिवशी त्याने मास्तरांची दश्शी मारली जाईल असं पान टाकलं, वर स्पष्टीकरणही दिलं. मास्तरांनी त्याला ती शिवी घातली. पोरगा खदखदून हसला, म्हणाला, "मास्तर, परत वाटा." आणि मास्तरांनी पानं पुढे सरकवली. शिवीपुढची दोन प्रश्नचिन्हं अजून फाईलमध्ये तशीच आहेत.